आवाज असलेले धडे

"पुन्हा थांबलं," देशमाने बाई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ आल्या.

थांबलंच होतं. रांगेतले पहिले धडे हिरवी खूण मिळवून मोकळे झाले होते आणि 'दशांश, भाग एक' या फाइलपाशी लाल फुली उमटली होती. त्या एका फुलीमागे उरलेली सगळी रांग खोळंबली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"शनिवारी दुधाच्या गाड्या कार्डं घेऊन जायच्या आहेत, अलका," बाईंनी आठवण करून दिली. मला त्या आठवणीची गरज नव्हती.

या गोष्टीला आता पाच वर्षं होऊन गेली. सगळ्या शाळा बंद पडल्या, ते वर्ष. विट्याच्या पुढे माळावर कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे, देशमाने बाई तिथल्या मुख्याध्यापिका. वसतिगृह रिकामं करून मुलं आटपाडी, जत, कडेगावकडच्या आपापल्या गावी गेली होती आणि बाईंना झोप लागत नव्हती. घरी कुणालाच खुणांची भाषा येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर घरी राहून आलेल्या मुलाचे हातसुद्धा मंद होतात, असं त्या सांगायच्या. आता तर किती महिने जाणार, याचा पत्ता नव्हता. म्हणून त्यांनी शिक्षकांना खुणांमधून धडे शूट करायला लावले. फाइली लहान करून मेमरी कार्डावर घालायच्या आणि डेअरीच्या गाड्यांबरोबर गावोगाव पाठवायच्या, असं ठरलं. मुलांच्या घरचे फोन साधे होते. कॅमेऱ्यातली जाडजूड फाइल त्यावर उघडायचीसुद्धा नाही.

मी तेव्हा विट्यातल्या एका स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचे. लग्नंच बंद, तर मिक्सिंग कसलं? शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग एकदा मी केलं होतं, त्या ओळखीवर बाईंनी बोलावून घेतलं. काम सोपं वाटलं होतं. सगळ्या फाइली रांगेत लावायच्या, सेटिंग निवडायचं, बटण दाबायचं.

पहिल्याच आठवड्यात त्या सोपेपणाला दिगंबर सरांनी टाचणी लावली. दिगंबर रोकडे हे गणिताचे शिक्षक. याच शाळेत शिकलेले, जन्मापासून ऐकू न येणारे, तिशीच्या आतबाहेरचे. मी लहान करून दिलेला त्यांचा धडा त्यांनी फोनवर पाहिला आणि माझ्यासमोर फोन धरून मान हलवली. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी टाइप केलं, "बोटं जातात." फाइल लहान व्हावी म्हणून मी सेकंदाला निम्म्याच फ्रेम ठेवल्या होत्या. लग्नात चालतं ते. नवरदेवाचा हात जरा झटक्यानं वर गेला तर बिघडतं काय? इथे मात्र हात फिरला की त्या जागी नुसता धूर दिसत होता, आणि धडा सगळा त्या धुरातच होता. मी फ्रेम पूर्ण ठेवल्या, चित्राचा आकार कमी केला. सरांनी पुन्हा पाहिलं आणि अंगठा वर केला. तेव्हापासून आमचं जमलं. ते मला 'ताई' लिहायचे, मी त्यांना 'सर'. आमचं सगळं बोलणं फोनवर टाइप करून चालायचं. शिवाय एखाददुसरी खूण मी उचलली होती.

त्या दिवशी लाल फुली आली ती नेमकी सरांच्याच धड्यांवर. बाकीच्या शिक्षकांच्या फाइली बिनबोभाट पार झाल्या होत्या. सरांच्याही 'अपूर्णांक'पर्यंतच्या सगळ्या झाल्या होत्या. 'दशांश'पासून पुढची एकही होत नव्हती.

आधी मला नावांचा संशय आला. सर फाइलींना देवनागरीत नावं द्यायचे आणि काही सॉफ्टवेअरना ती पचत नाहीत. सगळ्यांची नावं बदलून नुसते आकडे दिले, फुली तशीच. मग वाटलं कार्ड खराब असेल. फाइली कॉम्प्युटरवर उतरवून तिथून लावल्या, तरी तेच. डिस्कवर जागा होती. फाइल उघडून पाहिली तर व्यवस्थित चालत होती. दिगंबर सर दशांश चिन्हासाठी हवेत टिंब देत होते. बाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

शेवटी, जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. सॉफ्टवेअर स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं तो लॉग उघडला. त्यात सॉफ्टवेअरनं सरळ सांगितलं होतं, की या फाइलीत आवाजाचा ट्रॅकच नाही, तर मी बदलू काय?

मला माझंच हसू आलं. सवयीनं मी लग्नाचंच सेटिंग लावलं होतं, चित्र अधिक आवाज. ज्या फाइलीत आवाज होता तिथे ते निमूट काम करत होतं, नव्हता तिथे हटून बसत होतं. इतके दिवस हे ध्यानात आलं नाही, कारण हे व्हिडिओ मी आवाजासह कधी पाहिलेच नव्हते. कर्णबधिर शाळेच्या ऑफिसात स्पीकर असायचं काही कारण नव्हतं आणि खुणांच्या धड्यात ऐकायचं तरी काय?

उपाय हाताशी होता. सगळ्यांचाच आवाज काढून टाकायचा, मुलांना त्याचा काही उपयोग नव्हता. पण एक शंका राहिली. एकच कॅमेरा, एकच माणूस, मग 'अपूर्णांक'पर्यंत आवाज आहे आणि 'दशांश'पासून नाही, हे कसं? माइक बिघडला असेल तर पुढच्या शिक्षकाला कॅमेरा देण्याआधी कळायला हवं. म्हणून मी पर्समधला इयरफोन काढला आणि आवाज असलेला शेवटचा धडा लावला. 'अपूर्णांक, भाग दोन'.

सर घरी शूट करायचे. विट्यात त्यांच्या थोरल्या भावाचे, विश्वासचे, यंत्रमाग होते. मागांच्या शेडला लागूनच घर. एरवी त्या घरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पण त्या महिन्यांत माग बंद होते. सर बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसायचे आणि मागे दोरीवर एक हिरवी चादर टांगायचे, म्हणजे हात उठून दिसावेत. चादरीच्या पलीकडे आतली खोली.

धड्यात सरांनी एक भाकरी घेतली होती. ती चार तुकड्यांत मोडून ते एक चतुर्थांश दाखवत होते आणि मुलांना हसू यावं म्हणून मधेच एक तुकडा खाऊन टाकत होते. माझ्या कानात आधी धान्य पाखडल्याचा आवाज आला. मग फोन वाजला. तो उचलून कुणीतरी स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून एक वयस्क गृहस्थ बोलू लागले. कराडहून माळवदे बोलतोय, म्हणाले. मुलीला दिगंबरराव पसंत आहेत, आमच्या घरातही सगळ्यांचा होकार आहे, आता तुमच्याकडचं काय ते सांगा.

मी इयरफोन घट्ट दाबला.

विश्वास म्हणाला, "आमच्या दिगंबरचा विचार न्हाई म्हणतोय तो."

मग माळवदे म्हणाले, "त्यांनी स्वतः सांगितलं तसं?"

चादरीच्या अलीकडे सर भाकरीचे दोन तुकडे एकमेकांना जोडून अर्धी भाकरी दाखवत होते. पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"व्हय. त्यानंच सांगितलं."

फोन बंद झाला. मग मायलेकांचं बोलणं. आई म्हणाली, वाईट केलं आपण. विश्वास म्हणाला, "वाईट काय त्यात? दोघंबी तसलेच. रातीला लेकरू रडलं तर उठंल कोण? तू किती दिस पुरणार हायस, आक्का?" आईला तो आक्का म्हणायचा. आईनं विचारलं, त्याला काय सांगायचं. त्यांच्याकडूनच नकार आला म्हणून सांगू, असं विश्वास म्हणाला. पाखडणं पुन्हा सुरू झालं. सरांनी कॅमेऱ्याकडे बघून भाकरीचा शेवटचा तुकडाही तोंडात टाकला.

मी बाईंना हाक मारली आणि दुसरा इयरफोन त्यांच्या कानात घातला.

बाईंनी ऐकलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. हे स्थळ त्यांनीच आणलेलं होतं. माळवद्यांची तनुजा याच शाळेची विद्यार्थिनी, कराडला एका बँकेत नोकरीला. दोघांची भेट शाळेच्याच हॉलमध्ये झाली होती. चहा गार होईपर्यंत हातांनी बोलत बसले होते दोघं, असं बाई सांगायच्या. नंतर 'कराडकरांनी नकार दिला' असं विश्वासनं कळवलं. पोरीनं इथे हसून बोलायचं आणि घरी जाऊन नाही म्हणायचं, याचा राग येऊन बाईंनी माळवद्यांना फोनसुद्धा केला नव्हता. आणि दिगंबर सर तेव्हापासून मिटले होते. 'दशांश'मध्ये भाकरीही नव्हती आणि हसूही नव्हतं. मला ते दिसलं होतं. फक्त विषय अवघड असेल असं मी समजले होते.

"हे काढून टाक," बाई म्हणाल्या. "आवाजच काढ सगळ्यांचा. फुलीचा प्रश्न मिटेल आणि हाही. ही फाइल अशीच गेली असती तर मुलांच्या घराघरांत वाजली असती."

मी विचारलं, सरांना सांगायचं नाही का.

बाईंचं म्हणणं असं, की सांगून काय होणार? शाळेचं काम सोडलं तर माणूस त्याच घरात कोंडलेला. बाहेर पडायला पोलिसांचा पास लागतो. आई म्हातारी. रोज त्याच ताटात जेवायचं, त्याच भावाचं तोंड बघायचं. सगळं सुरळीत झाल्यावर आपण शांतपणे काहीतरी करू. बाई वाईट नव्हत्या. पंचवीस वर्षं त्यांनी त्या मुलांसाठी झिजवली होती आणि दिगंबर सरांना तर हात धरून अक्षरं शिकवली होती. त्यांचं बोलणं मला पटतही होतं. मी माऊस हातात घेतला.

तेवढ्यात दार उघडून सरच आत आले. नवं कार्ड द्यायला आले होते. आम्हा दोघींच्या कानांत एकेक इयरफोन आणि स्क्रीनवर ते स्वतः, भाकरीसह. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे. भुवया उंचावून विचारलं, काय?

बाईंनी पंजा उलटा करून झटकला. काही नाही.

ती खूण मला येत होती. ऐकू येणाऱ्या माणसांना सगळ्यात आधी तीच येते, असं सरांनीच मला कधीतरी लिहून सांगितलं होतं. पंगतीत सगळे हसले आणि त्यांनी विचारलं, की काही नाही. घरात कुणाचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, की काही नाही.

सर हलले नाहीत. फोन काढून त्यांनी मला टाइप करून दाखवलं, "एरर कशाची?"

मी लिहिलं, "दशांशपासून आवाज नाही. माइक बंद आहे."

"दादानं बंद केला. कॅमेऱ्यात आवाज जातो, शाळेला त्रास होईल म्हणाला." मग थोडं थांबून पुढे लिहिलं, "या शाळेला आवाजाचा त्रास?"

त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी पुन्हा स्क्रीनवरच्या स्वतःकडे बोट दाखवलं, मग माझ्या कानाकडे. आणि लिहिलं, "यात काय आहे?"

बाई माझ्याशी बोलल्या, ओठ दिसू नयेत म्हणून खिडकीकडे तोंड फिरवून, नेहमीच्या आवाजात. अलका, सांगू नकोस. काहीतरी सांग, लाइट गेली होती म्हण.

मी दोघांच्या मधे उभी होते. त्यांच्या समोर, त्यांच्याबद्दल, त्यांना वगळून बोलणं चाललं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हाही बोलणं असंच माझ्यासमोर झालं होतं. फरक इतकाच की मला ऐकू येत होतं. मी टाइप केलं, "उद्या दुपारी दाखवते. लिहून दाखवते."

सर गेल्यावर बाई माझ्यावर रागावल्या. तुला त्या घरात राहायचं नाहीये, म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, आपण दोघीही आत्ता चादरीच्या मागूनच बोलत होतो."

त्यांनी कानातला इयरफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, तो बघेल तेव्हा मी इथे असेन.

मुलांसाठीच्या सगळ्या फाइलींचा आवाज मी काढला. रांग एकही फुली न लागता शेवटपर्यंत गेली. मूळ फाइली मात्र बाजूला तशाच ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या 'अपूर्णांक, भाग दोन'वर काम करायला बसले. लग्नाच्या व्हिडिओवर मी नावं टाकलेली होती, गाण्यांच्या ओळी टाकलेल्या होत्या. खरं बोलणं कधी लिहिलं नव्हतं. आक्कांचं पिवळ्या अक्षरांत, विश्वासचं पांढऱ्या, माळवद्यांचं निळ्या. एकेक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, जसं बोलले तसं लिहायचं. 'व्हय'चं 'हो' केलं नाही. 'तसलेच' हा शब्द लिहिताना हात अडला, पण तो बोलला गेला होता. 'फोन वाजतो' हेही लिहिलं, नाहीतर मधेच ही माणसं कुणाशी बोलायला लागली ते कळलं नसतं.

दुपारी सरांनी पाहिलं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. सरांनी एकदा सलग पाहिलं, मग मागे नेऊन पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी आक्कांच्या त्या वाक्यावर थांबवलं. पिवळ्या अक्षरांत 'व्हय. त्यानंच सांगितलं.' आणि वर हातात अर्धी भाकरी धरलेले ते स्वतः.

मला वाटलं होतं ते उठून जातील. त्यांनी फोन घेतला आणि लिहिलं, "आई कसं बोलली? पटकन?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. "आवाज कसा होता?"

मी इयरफोन घालून तेवढंच पुन्हा ऐकलं. माळवद्यांच्या प्रश्नानंतर सूप थांबलं होतं. विश्वासनं हलकेच 'आक्का' म्हटलं होतं, तेही मी लिहायचं सोडून दिलं होतं. आणि मग ते वाक्य, इतकं खाली की शेवटचे शब्द नीट लागत नव्हते.

"थांबून. खालच्या आवाजात," मी लिहिलं.

"ते पण लिहा," सर म्हणाले. म्हणजे टाइप केलं. पण मला ते म्हणाले असंच आठवतं.

मी तिथल्या तिथे ते घातलं. सूप थांबतं. विश्वास आक्का म्हणतो. आक्का थांबून, खालच्या आवाजात. सरांनी चौथ्यांदा पाहिलं आणि ते मान खाली घालून बसले. बाईंनी पुढे येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नंतर दोघांचं हातांनी पुष्कळ बोलणं झालं, त्यातलं मला थोडंच कळलं. बाई माफी मागत होत्या, एवढं कळलं.

जायच्या आधी सरांनी माझ्याकडे एक काम दिलं. आवाज असलेले जेवढे धडे आहेत, सगळ्यांवर लिहून द्या. मी लिहिलं, बाकीच्यांत तसं काहीच नाही सर, घरातलं नेहमीचं बोलणं आहे. त्यांनी लिहिलं, "तेच हवं."

पुढचे काही दिवस मी रोकड्यांच्या घरात राहिल्यासारखी होते. आक्का भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडायच्या. कुणाच्या तरी म्हशीला काय झालं होतं, त्याची रोजची चौकशी असायची. विश्वास बंद मागांच्या शेडमधून येरझाऱ्या घालताना गायचा, आवाज चांगला होता त्याचा. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी चादरीच्या बाजूनं एक गोंदलेला हात यायचा आणि सरांच्या खांद्यावर पडायचा. मग सर उठून कॅमेरा बंद करायचे. तो हात मी मुक्या व्हिडिओत कितीदा तरी पाहिला होता आणि कापून टाकला होता. आता कळलं, की हात यायच्या आधी आक्का आतून हाका मारायच्या. "दिगू, जेवाय चल. दिगू, गार व्हतंय." दोन-तीनदा हाक मारून मग यायच्या. मी सगळं लिहिलं.

सरांनी ते धडे ऑफिसात बसून पाहिले. वांग्यांच्या भांडणाला मोठ्यानं हसले. विश्वासच्या गाण्यापाशी थांबले आणि मला विचारलं, "दादा गातो?" इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना ते माहीत नव्हतं. आईच्या हाका त्यांनी एका धड्यात वाचल्या, दुसऱ्यात वाचल्या, तिसऱ्यात वाचल्या. मग लिहिलं, "रोज?"

"रोज," मी लिहिलं.

दरम्यान बाईंनी त्यांना तनुजाचा नंबर दिला. ऑफिसच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर फोन उभा करून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मी आणि बाई खिडकीतून पाहत होतो, आणि बाई मला दोघांच्या खुणांचा अर्थ सांगत होत्या. सरांचं सांगणं तनुजानं शेवटपर्यंत पाहून घेतलं. मग तिचे हात असे चालले की फोनच्या चौकटीत मावेनात. तुझं लग्न तुझ्या भावाच्या फोनवर ठरणार होतं, तर माझ्याशी तासभर बोलायला का बसलास? नकार आला असं कुणी सांगितलं आणि तू मान हलवलीस? मला विचारायला तुझे हात कुणी बांधले होते? तिनं फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात आक्का माझ्या घरी आल्या. सकाळची वेळ होती, मी कपडे वाळत घालत होते. पदर तोंडावर घट्ट धरून त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्ये लिवणारी तूच का?"

मी हो म्हटलं. त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. आमच्या घरातलं बोलणं तू कोण ऐकणार, असं म्हणाल्या. दिगूनं ते लिहिलेलं फोनवर दादाला दाखवलं, तेव्हापासून तो घरात जेवतो, पण दादाच्या समोर बसत नाही. माझ्याकडं बघतो, नुसता बघतो. काय काय लिवलंस तू?

"जे बोललात ते," मी म्हटलं.

"मला वाचाय येत न्हाई. ऐकव."

मी कॉम्प्युटर लावला. माझ्या घरी स्पीकर होते. आक्का स्टुलावर टेकल्या आणि पडद्यावरच्या आपल्या मुलाकडे बघत ऐकू लागल्या. तो भाकरी मोडत होता. फोन वाजला. माळवदे बोलले, विश्वास बोलला. मग खोलीत त्यांचाच आवाज आला, व्हय, त्यानंच सांगितलं. आक्कांनी डोळे मिटले नाहीत की तोंड फिरवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं.

"हे पुसता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"हितलं पुसलं तर त्याच्याजवळचं जाईल?"

"नाही जाणार."

"मग ऱ्हाऊ दे." त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. "कराडचा लंबर हाय का तुझ्याकडं?"

नंबर मी बाईंकडून घेतला आणि लावून दिला. फोन कानाला लावायचं सोडून आक्कांनी तो तोंडासमोर धरला, म्हणून मी स्पीकर सुरू केला. माळवद्यांनी उचलला.

"मी इट्याहून बोलते. दिगंबरची आई." त्यांनी श्वास घेतला. "त्या दिशी तुम्ही इचारलं, त्यानं सोता सांगितलं का. मी व्हय म्हटलं. त्यानं काय सांगितलं न्हवतं. आम्ही त्याला इचारलंच न्हवतं."

माळवदे म्हणाले, "हे मला सांगून काय होणार आता? मुलीला विचारावं लागेल."

"इचारा," आक्का म्हणाल्या. "तिलाच इचारा. आम्ही थांबतो."

तनुजानं सगळ्यांना दिवाळीपर्यंत थांबवलं. त्या काळात ती सरांशी रोज बोलायची, पण लग्नाचं नाव काढू द्यायची नाही. मग एक दिवस तिनंच काढलं. पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये मोजक्या माणसांत लग्न झालं. विश्वास पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. सर त्याच्याशी त्या दिवशी बोलले की नाही, ते मला गडबडीत दिसलं नाही. पण वर्षभरानं दोघांना एकत्र माग दुरुस्त करताना मी पाहिलं. आता मी त्या शाळेसाठी आणि आणखी दोन शाळांसाठी व्हिडिओवर लिहायचंच काम करते. आवाज कसा होता, हेही लिहिते.

त्या सकाळी मात्र आक्कांनी फोन माझ्या हातात दिला आणि पदर सारखा केला. मी म्हटलं, सरांना हे कळवू का, लिहून पाठवते. त्यांनी जरा विचार केला.

"नको. मीच सांगते."

"समोर उभं राहून सांगा," मी म्हटलं. "सावकाश बोललं की ओठांवरून त्यांना कळतं."

"समोर," आक्का म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. घरी जाऊन त्या लेकासमोर उभ्या राहिल्या का, काय बोलल्या, त्यानं काय उत्तर दिलं, ते मला माहीत नाही. त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग झालेलं नाही.